काव्यकट्ट्याचे चित्रीकरण करून ते सर्वांसाठी खुले करावे का?

मूळ मांडणी (नौपाडा, ठाणे)

आमच्या काव्यकट्ट्याच्या पुढील बैठकीत एक ठराव येणार आहे. दर महिन्याच्या काव्यवाचनाचे संपूर्ण चित्रीकरण करावे आणि ते यूट्यूबवर सर्वांना पाहता येईल असे ठेवावे, असा तो ठराव आहे. मी त्याच्या बाजूने मत देणार आहे. पण त्याआधी ठाणे आणि नवी मुंबईतील कवी-रसिकांचे म्हणणे ऐकावे, म्हणून येथे लिहीत आहे.

आपल्या शहराला छापील शब्द जपण्याची जुनी सवय आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून येथे उभे आहे, १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने येथे झाली, आणि जनकवी पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष होते. मात्र येथे म्हटली गेलेली कविता जपण्याची व्यवस्था आपण कधी केली नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगावी काव्यवाचने करून मराठी माणसाला कविता ऐकायची गोडी लावली. त्यांची पुस्तके आज कोणत्याही ग्रंथालयात मिळतात; विंदा एखाद्या ओळीवर कसे थांबत आणि पुढच्या ओळीला आवाज कसा चढवत, हे मात्र आजच्या विशीतल्या मुलाला उरल्यासुरल्या ध्वनिमुद्रणांतूनच कळू शकते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी वेळीच उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. त्यांच्याकडे कागद होता आणि त्यांनी तो वापरला. आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना आपण हात बांधून बसणे मला पटत नाही.

दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. कट्ट्याला पूर्वी नियमित येणारे कितीतरी ज्येष्ठ रसिक आता जिने चढू शकत नाहीत, आणि कसारा किंवा कर्जतकडच्या तरुण कवींना रात्रीच्या गाडीसाठी कार्यक्रम अर्धवट सोडून निघावे लागते. त्यांनाही ही कविता ऐकण्याचा हक्क आहे.

प्रतिसाद (पाचपाखाडी, ठाणे): विरोध

आपली कळकळ मी जाणतो आणि तरीही ठामपणे विरोध करतो, कारण संमेलन आणि कट्टा या दोन वेगळ्या जागा आहेत. संमेलनात कवी तयार झालेली कविता घेऊन येतो. कट्ट्यावर तो खाडाखोड केलेला कागद घेऊन येतो, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहतो, कोणते कडवे सैल आहे हे त्याला तिथेच कळते आणि घरी जाऊन तो ते काढून टाकतो. चित्रीकरण झाले की तो कच्चा खर्डाच जगापुढे कायमचा उभा राहतो. कवितेचे पुढचे रूप कितीही सकस झाले, तरी शोध घेणाऱ्याला आधी खर्डाच सापडणार.

शिवाय दिवाळी अंकांचे आणि स्पर्धांचे काय? कविता अप्रकाशित असावी ही अट बहुतेक ठिकाणी असते, आणि इंटरनेटवर आलेली कविता प्रकाशित झाली असे मानणारे संपादक आहेत. नवख्या कवीची वर्षभरातील सर्वांत चांगली कविता त्याच्या नकळत बाद व्हावी, हा त्याच्यावर अन्याय आहे.

याहूनही मोठी भीती कवितेविषयीच आहे. गझलेचा शेर दोन ओळींत पूर्ण होतो, त्यामुळे तो अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये नेमका बसतो आणि पसरतो. मुक्तछंदातली दीर्घ कविता हळूहळू चढत जाते, तिचा तुकडा कापला की हाती काहीच उरत नाही. नारायण सुर्वे यांच्या दीर्घ कवितांमधून एखादी टाळीची ओळ उचलून पाहा, मागचा सगळा कामगार-संसार गळून पडतो. कॅमेरा आला की कवी हळूहळू तुकड्यांसाठी लिहू लागतील, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

प्रतिसाद (कोपरखैरणे, नवी मुंबई): पाठिंबा

वरील प्रतिसाद प्रमाण मराठीत लिहिणाऱ्या, ज्यांच्यासाठी दिवाळी अंकाचे दार निदान किलकिले आहे, अशा कवींच्या बाजूने लिहिलेला आहे. आम्ही आगरी बोलीत कविता म्हणतो. आमच्याकडे ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘घोडा’ हा ‘घोरा’ होतो. एवढे कागदावर उतरवता येते, परंतु बोलीचा हेल कोणत्याही लिपीत बसत नाही. आगरी कविता छापून आली की वाचक ती आपल्या प्रमाण उच्चारात वाचतो आणि तिचा निम्मा जीव जातो.

आमच्या लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते. ते धवले तिला मुखोद्गत असतात, आणि ती गेली की तिच्याबरोबर जातात. जे कोणी नातवंडाने मोबाइलवर घेऊन ठेवले असेल तेवढेच उरते. या जमिनीची कविताही तशीच आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या दिवसांवर गावागावांत गाणी झाली, कविता झाल्या. ज्यांनी त्या रचल्या ती पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यांच्यापुढे आपण कविता कच्ची की पक्की हा प्रश्न घेऊन बसणार आहोत का? कॅमेरा लावा, आणि तो लवकर लावा.

प्रतिसाद (वाशी, नवी मुंबई): अटींवर विरोध

मी कविता लिहिते. एका कार्यक्रमात घरातल्या एकटेपणावरची माझी कविता मी वाचली, समोर बसलेल्या बायकांवर विश्वास ठेवून वाचली. कोणीतरी तिचे चित्रीकरण केले आणि ते आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटापर्यंत पोहोचले. त्यानंतर सासरी जे झाले ते येथे लिहिणार नाही. त्या कवितेत एकही नाव नव्हते, तरी प्रत्येकाने तिच्यात आपापले नाव शोधले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की कार्यक्रमाच्या सुरुवातीला सूत्रसंचालकाने ‘कोणाची हरकत नाही ना’ असे माइकवरून विचारणे याला संमती म्हणू नये. भरल्या सभेत कोणती नवी कवयित्री हात वर करून हरकत घेईल? संमती एकेकट्याकडून, लेखी आणि वाचन झाल्यानंतर घेतली पाहिजे, कारण कविता म्हणताना आपण काय उघड केले हे पुष्कळदा म्हणून झाल्यावरच कळते. कोपरखैरण्याच्या दादांचे दुःख मला समजते. पण धवले गाणाऱ्या त्यांच्या आजीबाईंनाही नकार देण्याचा तोच हक्क आहे.

प्रतिसाद (घोडबंदर रस्ता, ठाणे): कायद्याविषयी

प्रताधिकार अधिनियम, १९५७ या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. कवितेवर कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. शिवाय ती सादर करणाऱ्याला सादरकर्ता म्हणून पन्नास वर्षांचा वेगळा हक्क आहे. सभागृहाचे भाडे भरले म्हणून आयोजक कवितेचा मालक होत नाही, आणि प्रेक्षक तर नाहीच. खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी चित्रीकरण करणे वेगळे, ते सर्वांसाठी खुले करणे वेगळे.

स्मृतिदिनाच्या कार्यक्रमांत हा मुद्दा हमखास विसरला जातो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता कोणीही म्हणावी आणि दाखवावी. विंदा २०१० मध्ये गेले आणि पाडगावकर २०१५ मध्ये; त्यांच्या कविता अनुक्रमे २०७० आणि २०७५ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. प्रकाशित साहित्यातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्याची मुभा कायदा देतो, परंतु संपूर्ण कवितांचे चित्रीकरण वाहिनीवर टाकायचे तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल.

प्रतिसाद (ऐरोली, नवी मुंबई): ध्वनीविषयी

चित्रीकरण करणार असाल तर आधी आवाजाचा विचार करा. शेवटच्या रांगेतून मोबाइल धरला की कविता जाते आणि पंखा उरतो. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो, सभागृहाचा घुमारा मात्र तसाच राहतो. मिक्सरमधून थेट तार घ्या, कॅमेरा एका जागी ठेवा, मध्ये कापाकापी करू नका, आणि खाली कवितेचा पाठ कवीने तपासून दिलेला द्या.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

वाशीच्या ताईंनी जे लिहिले त्यामुळे मी ठरावाचा मसुदा बदलत आहे. चित्रीकरण आणि प्रसारण यांची मी गल्लत केली होती, ती आता वेगळी करतो. नाव नोंदवताना प्रत्येक कवीला चिठ्ठी दिली जाईल. त्यावर ‘नको’ असेल तर कॅमेरा बंद. होकार असला तरी आठवडाभरानंतर कवीला दुवा खासगी पाठवला जाईल आणि त्याच्या लेखी उत्तराशिवाय काहीही खुले होणार नाही. उत्तर आले नाही, तर तो नकारच समजला जाईल. ज्यांना दिवाळी अंकासाठी थांबायचे आहे त्यांनी तारीख लिहावी, तोपर्यंत चित्रफीत कपाटात राहील. तुकडे कापून रील आम्ही करणार नाही. आगरी कवींसाठी स्वतंत्र सत्र व्हावे, त्यासाठी आम्ही कोपरखैरण्याला येऊ.

प्रतिसाद (पाचपाखाडी, ठाणे)

मसुदा सुधारला आहे, हे मान्य करतो. आगरी सत्राला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि त्यासाठी वर्गणीही देईन. मात्र दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. पहिली म्हणजे हे कपाट कोणाचे? वाहिनी एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर उघडली आणि उद्या तो मंडळ सोडून गेला, तर सगळा ठेवा त्याच्याबरोबर जाईल. खाते मंडळाच्या नावाने असावे, परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि मूळ प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट चिठ्ठीने सुटणारी नाही. कॅमेरा समोर उभा असला की नकार दिलेला कवीही त्याच्याकडे पाहूनच वाचतो, आणि श्रोतेही चुका दाखवायला कचरतात. पहिला तास कॅमेरा सभागृहात आणायचाच नाही, त्या तासात खर्डे वाचायचे आणि त्यावर मोकळे बोलायचे, हे नियमावलीत लिहिले जात नाही तोवर माझे मत विरोधातच पडेल.