मदत हवी आहे : सासूबाईंना घेऊन बोर्रा गुहा पाहण्याबाबत

नमस्कार. आम्ही नाशिकचे कुटुंब डिसेंबरमध्ये विशाखापट्टणमला जाणार असून, तेथून पूर्व घाटातील अनंतगिरीच्या डोंगरांतील बोर्रा गुहा पाहण्याचा विचार आहे. आपल्याकडची पांडवलेणी माणसाने काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. बोर्रा मात्र चुनखडीत पाण्याने विरघळवून घडवलेली नैसर्गिक गुहा आहे, आणि छतातून झिरपणाऱ्या थेंबाथेंबातून साचत गेलेले तिथले चुन्याचे खांब मुलांना प्रत्यक्ष दाखवावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण सासूबाईंची आहे. त्यांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर त्या काठी घेऊन सावकाश चालतात, पण पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवूनच पुढे जातात. गुहा सुमारे ८० मीटर खोल असल्याचे वाचले आहे, म्हणून परतीचा चढ हीच खरी काळजी. त्यांना खाली न नेता प्रवेशाजवळच्या मोठ्या दालनातून बरेचसे पाहता येते का? आधाराला कठडे सलग आहेत का, आणि ओलसर पायऱ्या निसरड्या होतात का? मधे बसायला जागा मिळते का?

किरंदुल मार्गावरील सकाळच्या रेल्वेने बोर्रा गुहालू स्थानकावर उतरावे, की थेट गाडी करून जावे? रेल्वेतून घाट आणि बोगदे पाहायला मिळतील, हा मोह मोठा आहे; तरीही स्थानकापासून प्रवेशद्वारापर्यंत त्यांना कितपत चालावे लागेल, यावरच निर्णय ठरेल. ज्येष्ठांना सोबत नेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.