नायट्रिक ऑक्साइडने छातीतला कफ सुटतो का?

प्रश्न : माझे वडील सोलापुरात अनेक वर्षे यंत्रमागावर होते. आता त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) आहे आणि सकाळी दोऱ्यासारखा ताणला जाणारा कफ सुटता सुटत नाही. नायट्रिक ऑक्साइडचा याच्याशी नेमका संबंध काय?

उत्तर १ : श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशी हा वायू स्वतःच तयार करतात, त्यामुळे पेशींत सायक्लिक जीएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, सिलिया या सूक्ष्म केसांची हालचाल जलद होते आणि कफाचा थर घशाकडे सरकतो. सिलियांच्या जन्मजात विकारात नाकातील त्याचे प्रमाण फारच कमी आढळते, म्हणून निदानासाठी ते मोजतात.

उत्तर २ : मात्र जास्त म्हणजे चांगले, असे मुळीच नाही. दम्यात सूज वाढली की उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडही वाढते. प्रौढांत ५० पीपीबीच्या (हवेच्या एक अब्ज भागांत ५० भाग) वरचा आकडा इओसिनोफिलिक सूज, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींशी निगडित सूज, सुचवतो. धूम्रपानाने तो घटतो, त्यामुळे विडी ओढणाऱ्याचा कमी आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

उत्तर ३ : कफासाठी हा वायू घरी देण्याचा उपचार नाही, कृपया तसा प्रयत्न करू नका. फिजिओथेरपिस्टकडून हफिंग शिकून घ्या : मध्यम श्वास घ्यायचा आणि आरशावर वाफ धरावी तसा, तोंड उघडे ठेवून, जोराने सोडायचा. कफाचा रंग बदलला किंवा दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.