लिनक्सवाला फोन चार्ज होत नाही, कंपनी नुसते मेल पाठवते : मदत हवी आहे

सादळे_मादळे
मंडळी, तातडीने सांगा. बाहेरून मागवलेला ओपन सोर्स फोन आहे, लिनक्स चालतं त्यावर. रविवारी रात्रभर चार्जिंगला लावला होता, सकाळी बघतो तर बंद. आता वायर जोडली की कधी लाल दिवा लागतो, कधी काहीच नाही. सगळं करून बघितलं. कंपनीला सहा मेल झाले. आधी म्हणाले सिस्टिम परत टाका. अरे, चालूच होत नाही तर टाकू कशावर? मग व्हिडिओ मागितला, पाठवला. त्यावर दुसऱ्याच माणसाचं उत्तर, पहिल्यापासून सुरुवात : सिस्टिम परत टाकली का? काल म्हणतात फोन आमच्याकडे पाठवा, जायचा खर्च तुमचा, सहा ते आठ आठवडे धरा.
कोल्हापुरात हा फोन उघडणारा कुणी आहे का? शाहूपुरीत दोन दुकानं फिरलो. एकाने उलटासुलटा करून 'ह्यो कुठला चायना?' म्हणून परत दिला.

उद्यमनगरकर
'सगळं करून बघितलं' म्हणजे नक्की काय केलं भावा? मॉडेल कुठलं? पाइनफोन असेल तर त्याला सॅमसंग जे७ ची बॅटरी बसते. दुसरी टाकून बघ, दोन मिनिटांचं काम.

सादळे_मादळे
पाइनफोन नाही, दुसरा आहे. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बॅटरी निघते, पण दुसरी इथं कुठं मिळणार?

पांढरा_रस्सा
दोन दिवस तांदळात ठेव. माझा तसाच झाला होता.

सादळे_मादळे
पाण्यात पडलेला नाही.

पांढरा_रस्सा
ते तू लिहिलंस कुठं?

नदीवेस
आजरा घनसाळमध्ये ठेवा. फोन लागला नाही तर भात तरी वासाचा होईल.

पांढरा_रस्सा
जीआयवाला तांदूळ फोनवर घालवायला सांगतोय हा. चेष्टा सोडा, मदत मागतोय तो.

गंगावेश_तात्या
या फोनवर बँकेचं ॲप चालतं का? आणि जिओ? आमच्या नातवाला घ्यायचा आहे असला काहीतरी.

उद्यमनगरकर
तात्या, नातवाला नका घेऊ. वेड्रॉइड टाकून अँड्रॉइडची बरीच ॲप चालतात, पण बँकेची बहुतेक अडतात. जिओला व्होल्टे, म्हणजे फोरजीवरूनच कॉल, लागतंच, त्यांचं टूजी-थ्रीजी नाही. मॉडेमला ते जमलं नाही तर नेट चालतं आणि कॉल येत नाही.

गंगावेश_तात्या
मग फोन म्हणायचं कशाला त्याला?

अंबाई_टँक
सादळे, असल्या फोनला मागच्या झाकणाखाली बारके स्विच असतात. एखादा चुकून बंद झाला असेल.

उद्यमनगरकर
ते स्विच माइक, कॅमेरा, मॉडेम तोडायला असतात. चार्जिंगचा संबंध नाही. उगाच त्याला झाकण काढायला लावू नका.

मीटरवाली
आधी माहिती द्या, मग उपाय सांगता येईल. चार्जर कुठला, किती वॅटचा? केबल दोन्हीकडं सी आहे का एका बाजूला जुनं चपटं यूएसबी? 'कधी दिवा लागतो' म्हणजे कधी? प्लग उलटा केल्यावर फरक पडतो का? वायर किती वेळ लावून ठेवता? घरी मल्टिमीटर असेल तर बॅटरी काढून व्होल्टेज बघा. मी रोज दहा फोन मोजतो, निम्म्यांत दोष केबलचा असतो.

सादळे_मादळे
थँक्स दादा. चार्जर लॅपटॉपचा, 65 वॅट. केबल दोन्हीकडं सी. दहाएक मिनिटं ठेवतो, काही होत नाही म्हणून काढून परत लावतो. मीटर शेजाऱ्याकडून आणला, 2.9 आलं.

मीटरवाली
दादा नाही, ताई. कोल्हापूरची बाई आहे, 'मी मोजतो'च म्हणणार.
आता ऐका. 2.9 म्हणजे बॅटरी अगदी तळाला आहे, मेलेली नाही. इतक्या खाली गेल्यावर फोनचा चार्जर मुद्दाम थोडासाच करंट सोडतो. दहा मिनिटांत काय दिसणार? तुम्ही दर दहा मिनिटांनी त्याच्या तोंडातला घास काढून घेताय.
दुसरं, सी पोर्टमध्ये 24 पिना असतात, त्यातल्या दोन सीसी. प्लग कुठल्या बाजूने बसलाय ते चार्जरला त्यांच्यावरून कळतं. फोनकडून सीसीवर खूण मिळाली नाही तर सी-टू-सीवर चार्जर 5 व्होल्टसुद्धा सोडत नाही. एक सीसी गेली की एका बाजूने चार्ज होतो, उलट लावला की मेला. रविवारी रात्री तुम्ही चुकीच्या बाजूने लावून झोपला असणार. जुन्या चपट्या यूएसबीत 5 व्होल्ट कायम असतात, तिथं ही भानगड नाही. जुना चार्जर, ए-टू-सी केबल, दोन तास हात लावायचा नाही.

उद्यमनगरकर
ताई म्हणतात ते पटलं, पण आधी लाकडी टूथपिकने पोर्ट साफ कर. खिशातली लोकर बसते तिथं. बॅटरी काढून मगच.

लक्ष्मीपुरी_वकील
दुरुस्तीच्या नादात वॉरंटी घालवू नका. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत भारतातल्या ग्राहकांना सातत्याने माल विकणाऱ्या परदेशी विक्रेत्यांनाही धरलंय. आधी 1915 वर फोन करून नोंद करा.

उद्यमनगरकर
साहेब, निकाल लागला तरी वसुली कुणाकडून? त्यांचं इथं टेबलसुद्धा नाही.

लक्ष्मीपुरी_वकील
म्हणून हक्क सोडून द्यायचा?

नदीवेस
आता हायकोर्टाचं सर्किट बेंच पण आलंय आपल्याकडं.

अंबाई_टँक
ऑगस्ट 2025 पासून तिकडं पार्किंगचं काय झालंय ते बघितलंस का?

पांढरा_रस्सा
त्यासाठी वेगळा धागा काढा.

सादळे_मादळे
कुरियरवाल्याकडे पण जाऊन आलो. 'बॅटरी आहे? बाहेर देशात? नाय जमणार.' विषय संपला.

उद्यमनगरकर
उपकरणातली लिथियम बॅटरी यूएन 3481 या धोकादायक मालाच्या नंबरात येते, घेणारे घेतात. पण फॉर्मवर 'बॅटरी बिघडली' लिहिलंस तर विमानाने कुणीच नेणार नाही. आणि दुरुस्तीला चाललाय अशी नोंद जातानाच कागदावर नसेल तर परत येताना कस्टम्स पुन्हा ड्युटी लावायला बसलेत. मी एकदा भरलीय, आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

सादळे_मादळे
चालू झाला!! जुन्या चार्जरवर पाऊण तास नुसता लाल दिवा, मग स्क्रीन आली. रात्री 65 वॅटवाला लावून बघितला : एका बाजूने चार्ज होतो, उलट लावला की दिवाच नाही. ताई, तुमचे पाय कुठं आहेत?
आता दुसरी गंमत. शाहूपुरीत परत गेलो, म्हटलं सीसीत दोष आहे. तो म्हणतो 'सीसी बदलून देतो, 350, पण ह्याची मिळत नाही.' मी म्हटलं पिन हो, एकच पिन. तो म्हणतो 'सीसी एक पिन मिळत नाय, अख्खी घ्यावी लागते.'

मीटरवाली
हा हा. दुकानात चार्जिंगच्या जॅकला, पट्टीला सीसी म्हणतात. तुम्ही दोघंही बरोबर होता.
कंपनीने सर्किटची आकृती खुली ठेवली असेल तर बघा, पोर्ट मुख्य बोर्डावर आहे का वेगळ्या पट्टीवर?

सादळे_मादळे
आकृती आहे, पीडीएफ. पोर्ट वेगळ्या पट्टीवरच आहे. बंद करून, बॅटरी काढून मोजलं. एक सीसी पिन ए5, तिच्यावर रीडिंग येतं, दुसरी बी5, तिच्यावर ओएल, म्हणजे जोडच नाही.

मीटरवाली
मग संपलं. बी5 ची सोल्डर सुटलीय किंवा पिन आत दबलीय. अख्खा फोन पाठवायचं काहीच कारण नाही. मेलमध्ये तेवढंच लिहा : पट्टी पाठवा, बी5 ओपन आहे, हा मीटरचा फोटो. आकृतीतल्या त्या जागेवर लाल गोल करा. पट्टीला बॅटरी नाही, ती साध्या पाकिटातून येईल.

लक्ष्मीपुरी_वकील
आणि आजवरचे मेल जपून ठेवा. पुढं लागतील.

सादळे_मादळे
लिहिला मेल. आज उत्तर आलं, पहिल्यांदाच कुणा तांत्रिक माणसाचं, त्याने आकृतीवरच खूण करून परत पाठवलंय. पट्टी फुकट देतायत, टपालखर्च माझा. तोवर केबलच्या बरोबर बाजूला बायकोचं नेलपॉलिश लावलंय.

गंगावेश_तात्या
कुठला रंग?

मीटरवाली
पट्टी आली की राजारामपुरीत या. दोन स्क्रू आणि एक फ्लेक्स, म्हणजे चपटी वायर, आहे, सोल्डर वितळवायला हॉट एअर लागत नाही. मी बसवतो.