मदत हवी आहे: बोटीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून ग्राइंडरचे बॅटरी पॅक कसे चार्ज करू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, महाल भागात राहतो. बोटी आणि माशांचे तरंगते पिंजरे दुरुस्त करायचं काम करतो. सध्या काम आंभोऱ्याला आहे, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये. पिंजऱ्यापर्यंत बोटीनं अर्धा तास लागतो. तिथं पॅक संपला की दिवस बुडाला.

माझ्याकडे १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि छोटा ग्राइंडर आहे. पॅक तीन, दोन ५ अँपिअर-अवरचे, एक २चा. ड्रायव्हर दिवसभर पुरतो, पण ग्राइंडरनं गंजका पाइप कापायला घेतला की पॅक वीस मिनिटांत रिकामा. बोटीवर १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आहे, इंजिनही तिच्यावरच सुरू होतं. पुढच्या पेटीत ३०० वॅटचा साधा इन्व्हर्टर बसवला आणि मागच्या बॅटरीपासून ४ मीटर वायर ओढली, २.५ एमएमची. बॅटरीला मगरचिमटे लावले आहेत. फास्ट चार्जर लावला की दोन मिनिटांत इन्व्हर्टर टूं टूं करून बंद होऊन राहिला आहे. बॅटरी मात्र रात्रीच पूर्ण भरलेली असते.

एका दुकानदारानं सांगितलं, दोन १२च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, जोड आणि थेट पॅकला दे, भरून जाईल. मन धजावत नाही. सोबत दोन पोरं असतात, पेट्रोलची टाकी पायाशी असते. करावं का?

जुना वायरमन:
भाऊ, ते अजिबात करू नका. १८च्या पॅकमध्ये लिथियमचे ५ सेल सिरीजमध्ये असतात. एक सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणजे पूर्ण पॅक २१ व्होल्ट. दोन भरलेल्या बॅटऱ्या मिळून २५च्या वर देतात आणि करंटला आवर घालणारं मध्ये काहीच नसतं. सेल तापून पेटला तर पाण्यात उडी मारण्यावाचून मार्ग नाही. एकाच बॅटरीनं तर भरणारच नाही, १२वरून २१ कुठून येणार? चार्जर मध्ये हवाच.

तुमचा दोष मला वायरीत दिसतो. चार्जर चालू असताना मल्टिमीटरनं आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा.

धागाकर्ता:
दादा, आज बघितलं. बॅटरीवर १२.१, इन्व्हर्टरवर १०.६.

जुना वायरमन:
मग सापडलं. फास्ट चार्जरला इन्व्हर्टर बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास ओढतो. तुमची वायर जाऊन-येऊन ८ मीटर झाली, तिच्यातच एक व्होल्टच्या वर जातो. उरलेला चिमट्यांत. इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. तो बॅटरीपासून मीटरभरावर आणा, १६ एमएमची वायर आणि तिच्या टोकांना दाबून बसवलेले लग (धातूच्या कड्या) वापरा, चिमटे फेका. प्लसच्या टर्मिनलपासून वीतभरात ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. फक्त टाकीच्या बंद कप्प्यात इन्व्हर्टर ठेवू नका, तिथं पेट्रोलची वाफ साचते.

सोलरवाला, मानेवाडा:
हिशेब सांगतो. ५चा पॅक म्हणजे १८ गुणिले ५, ९० वॅट-अवर. चार्जर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीतून १२५च्या आसपास जातात, म्हणजे साधारण १० अँपिअर-अवर. तिन्ही पॅक एकदा भरले तर २५. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवू नये, त्यामुळे तुमची बॅटरी पुरेल. पण इंजिनही तिच्यावरच आहे ना? संध्याकाळी पाण्यात मध्येच अडकाल. चार्जिंगला वेगळी ट्यूब्युलर बॅटरी ठेवा. पैसे एकदाच जातील, पण घोर राहणार नाही.

इन्व्हर्टर बदलायचा झाला तर प्युअर साइनवेव्ह घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखा करंट देणारा. मॉडिफाइडवर, म्हणजे साध्या स्वस्त इन्व्हर्टरवर, काही चार्जर गरम होतात. गाडीच्या १२ व्होल्टवर थेट चालणारे चार्जरही येतात, मकिताचा डीसी१८एसई तसलाच. तो मिळाला तर इन्व्हर्टरची कटकटच संपते. तुमच्या कंपनीच्या पॅकला बसणाराच घ्या.

ताई, वेल्डिंग वर्कशॉप, हिंगणा रोड:
उन्हाचं कुणीच बोललं नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतं, फायबरच्या पेटीत त्याहून जास्त. ग्राइंडरमधून काढलेला पॅक आधीच तापलेला असतो. बऱ्याच कंपन्या ४० अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात. चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला तर तो पॅक थंड व्हायची वाट बघतो आहे, बिघडलेला नाही. पॅक ओल्या फडक्यात गुंडाळू नका. सावलीत, वाऱ्यावर अर्धा तास ठेवा, मगच लावा. आम्ही दुपारी १२ ते ४ चार्जिंगच करत नाही.

धागाकर्ता:
ताई, दिवा लुकलुकतो म्हणून एक पॅक मी खराब समजून घरी ठेवला होता. तो परत आणला, चालतो आहे. इतवारीतून १६ एमएमची वायर, लग आणि फ्यूज आणले, काल बसवलं. फास्ट चार्जर चालू असताना बॅटरीवर १२.१, इन्व्हर्टरवर १२. चाळीस मिनिटं टूं झालं नाही. दुसरी बॅटरी पुढच्या बिलावर घेतो, तोवर दिवसाला एकच पॅक भरेन. त्या दुकानदारालाही २१ व्होल्टचा हिशेब सांगून आलो, तो इतरांनाही तेच सांगत होता.