अँटिबायोटिक आणि आधीच्या गोळ्या यांचं जमलं नाही, असे तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मी करते. सासऱ्यांची हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे वॉरफॅरिन कायमचं. दाढ सुजली म्हणून डेंटिस्टकडे गेले, त्यांनी मेट्रोनिडॅझोल दिलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हे ना त्यांनी विचारलं ना बाबांनी सांगितलं. पाचव्या दिवशी ब्रश करताना बेसिन लाल, दंडावर न आपटता काळेनिळे डाग. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) एरवी ३ च्या आत, तो निघाला ७ च्या वर! वॉरफॅरिन बंद, व्हिटॅमिन के, दोन दिवस ॲडमिट. दाढ मात्र बरी झाली.



आमच्या आजोबांना दम्यासाठी थिओफायलिन चालू होतं, त्यात लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रोफ्लॉक्सासिन. सिप्रोमुळे थिओफायलिन शरीरातून लवकर बाहेरच जात नाही म्हणे. चहाचा कप बशीत नुसता टकटक वाजत होता, छातीत धडधड, रात्रभर झोप नाही, आणि आम्ही म्हणतोय वय झालं.



माझं सिप्रोच, पण गंमत वेगळी. गोळी गरम पडते म्हणून आई रोज ताकाबरोबर द्यायची आणि जेवणानंतर कॅल्शियमची गोळी होतीच. आठवडा झाला तरी जळजळ तशीच. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम पोटातच औषधाला धरून ठेवतं, रक्तात जाणार काय? सिप्रो कॅल्शियमच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनी घ्यायची.



टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स, त्यात रिफाम्पिसिन. लघवी केशरी होईल हे सगळ्यांनी सांगितलं, गर्भनिरोधक गोळ्या चालणार नाहीत हे कुणीच नाही. ते इंटरॅक्शन आता चौथीत आहे, आत्ता शेजारी बसून पाढे म्हणतंय :) लाडकी आहे हो, पण सांगायला नको होतं का? कोर्स संपल्यावरही महिनाभर तो परिणाम राहतो, तोवर दुसरा उपाय करा.



क्लॅरिथ्रोमायसिन + कोलेस्टेरॉलची गोळी. मांड्या इतक्या दुखल्या की जिना बसून उतरलो. डॉक्टरांनी कोर्सपुरती कोलेस्टेरॉलची बंद ठेवली.



ताकवाल्या ताई, डॉक्सीला (डॉक्सीसायक्लिन, हे पण अँटिबायोटिकच) पण हेच का? आत्ताच दूध पिऊन घेतली.



दूध थोडं नडतंच, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी जास्त. पुढची पाण्याबरोबर घ्या, भरपूर पाणी, आणि लगेच आडव्या होऊ नका. आत्ता परत दुसरी गिळू नका म्हणजे झालं.