मदत हवी आहे: 'टच ऑफ ईव्हिल'ची कोणती प्रत दाखवावी?

नवख्या प्रेक्षकांसाठी न्वार (काळोख्या छायेतले जुने हॉलिवूड गुन्हेपट) चित्रपटांची मालिका ठरते आहे. 'डबल इंडेम्निटी' (१९४४) पक्का, चौकट (रुंदी:उंची) १.३७:१, म्हणून प्रोजेक्टरचा झूम बंद ठेवायचा, नाहीतर डोकी कापली जातात.

अडलंय ते ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'वर (१९५८). स्टुडिओने तेव्हा लावलेली प्रत ९६ मिनिटांची. तिच्यात सुरुवातीच्या ३ मिनिटांहून लांब अखंड शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत आहे. वेल्सच्या ५८ पानी टिपणावरून वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये केलेल्या संकलनात नावं काढली, रस्त्यावरचे आवाज आणले. मला हीच सरस वाटते, त्या शॉटमधल्या गाडीतल्या बॉम्बवरून लक्ष हटत नाही. मॅन्सिनीची ती लय गमावणं मात्र खरंच जड जातं.

पहिल्यांदाच पाहणाऱ्यांना तुम्ही कोणती दाखवाल? आणि चौकट १.३७ ठेवावी की १.८५?