नाळेच्या रक्तातल्या पेशींपासून मेंदूच्या पेशी होतात का? लवकर सांगा

मधुरा_७: मुलाचं कॉर्ड ब्लड बँकेत ठेवलंय. एक सेंटर म्हणतंय, त्यातल्या स्टेम सेल्स (मूळ पेशी) दिल्या की मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात. सोमवारपर्यंत पैसे भरायचेत. होतात की नाही, एवढंच सांगा.

पारिजातक: मुलाला झालंय काय? वय किती?

समीर_नाशिक: बिनधास्त करा. आमच्या भाचीला दिल्या, मान धरायला लागली.

पेशीवेडी: समीर, तिची फिजिओथेरपी सुरू होती ना? मग श्रेय कशाला द्यायचं?
मधुराताई, प्रयोगशाळेत काही अंशी होतं. 2001 मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठात नाळरक्तातल्या पेशींना रेटिनोइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारं) आणि चेतावर्धक प्रथिन दिल्यावर त्यांच्यात चेतापेशींच्या खुणा दिसल्या. पण खूण दिसली म्हणजे ती पेशी मेंदूत जाऊन जोडली जाते, संदेश पाठवते, असं नाही. या पेशींचं खरं काम रक्त तयार करणं. 1988 मध्ये पॅरिसला पहिलं रोपण झालं तेही रक्ताच्याच आजारासाठी.

गौरी_पुणे: मला सातवा महिना आहे. आम्ही बँकेत ठेवावं का?

आजीचा_बटवा: बँक राहू दे, नाळ कापायची घाई करू देऊ नकोस. मिनिटभर थांबलं तर बाळालाच जास्त रक्त मिळतं.

पारिजातक: गौरी, वेगळा धागा काढ गं. मधुरा, वय?

मधुरा_७: सव्वादोन वर्षं. सी. पी. (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा होऊन हालचाली अडतात तो आजार) आहे. जन्मल्यावर रडला नव्हता. अजून बसत नाही.

पेशीवेडी: मग ड्यूक विद्यापीठाची 2017 ची चाचणी तुमच्याच कामाची. सी. पी. असलेली 63 मुलं, उपचार म्हणजे ज्याचं त्याचंच नाळरक्त. वर्षानंतर उपचाराचा गट आणि पेशींविना नुसता दिखाऊ उपचार मिळालेला गट यांच्यात फरक दिसला नाही. मात्र वजनाच्या किलोमागे साधारण 2 कोटी किंवा जास्त पेशी मिळालेल्या मुलांच्या हालचाली अधिक सुधारल्या. तेही नव्या चेतापेशींमुळे नव्हे. या पेशी सोडतात त्या द्रव्यांनी मेंदूतला दाह कमी होत असावा, असा कयास आहे. म्हणून सेंटरचं ते वाक्य मला पटत नाही.

समीर_नाशिक: संशोधन संपेपर्यंत मूल लहान राहत नाही! आईबापांनी वाट किती बघायची?

पारिजातक: घाई कळते, दादा. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत देता येतात, आणि चाचणीचे पैसे पालकांकडून घ्यायचे नसतात. मधुरा, सेंटरकडे सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. आणि काहीही ठरवलंत तरी फिजिओ बंद करू नका.

मधुरा_७: विचारला. "कळवतो" म्हणाले. पैसे आत्ता भरत नाहीये. बँकेचा कागद सापडलाय, टीएनसी म्हणून आकडा आहे. बाळाचं वजन 9 किलो 800. भागायचं कसं?

पेशीवेडी: टीएनसी म्हणजे केंद्रक असलेल्या एकूण पेशी; त्याला वजनाने भागलं की किलोमागे किती ते कळतं. आकडा पूर्ण लिहा, 10 चा कितवा घात आहे त्यासकट. आणि तो गोठवण्याआधीचा आहे का, हे बँकेला विचारा. वितळवताना काही पेशी मरतात.